आमच्या नावे असलेले भाषेचे ऋण

गेल्या दिवाळीनंतर करकंबला आमच्या घराण्याचा स्नेहमेळावा भरला होता. पुणे, मुंबई, सुरत, बेंगळुरू, इतकेच नव्हे तर थेट अमेरिकेहूनही मंडळी आली होती. चुलत भावाने दोन वर्षे खपून तयार केलेली वंशावळ मोठ्या कापडावर छापून मंडपात लावली होती. आपले पूर्वज गुजरातेतून केव्हा निघाले, कोणत्या घाटाने उतरले, करकंबच्या पेठेत पहिले दुकान कोणी थाटले, याविषयी भाषणे झाली. नातवंडांनी गरबा केला. दुपारच्या पंगतीत गावची प्रसिद्ध बाजार आमटी होती, अर्थात आमच्या पद्धतीने कांदा-लसणाशिवाय केलेली. एकंदर सोहळा देखणा झाला, यात शंका नाही.

मात्र मला हा लेख लिहावासा वाटला तो मंडपाबाहेर घडलेल्या एका लहानशा प्रसंगामुळे. मी हात धुऊन बाहेर आलो तेव्हा समोरच्या घरातील शिंपीकाका माझी वाट पाहत उभे होते. वय सत्तरीपुढचे. त्यांनी संकोचाने मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "शेठ, तुम्ही बँकेतले. हे काय म्हणतंय तेवढं सांगा. पोरगं पुण्याला असतं, फोनवर त्याला नीट सांगता येत नाही."

त्यांच्या बँकेचा तो इंग्रजी संदेश होता. केवायसीची कागदपत्रे अद्ययावत न केल्यामुळे खात्यातील व्यवहार थांबवण्यात आले आहेत, असा त्याचा आशय. त्याआधीचे तीन संदेशही इंग्रजीतच होते. "इंग्रजी मेसेज आला की फसवणूक समजायची, असं टीव्हीवर सांगतात. म्हणून मी हातच लावला नाही," काका म्हणाले. पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे त्या खात्यात होते आणि शस्त्रक्रियेची तारीख पाच दिवसांवर आली होती. शाखेत ते दोनदा जाऊन आले होते. तेथील अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हते, काकांना हिंदी धड बोलता येत नव्हते. दोन्ही वेळा एक फॉर्म हाती घेऊन ते परतले आणि तो कोराच राहिला.

आत मंडपात आम्ही आपल्या पूर्वजांच्या भाषेचा आणि वारशाचा गौरव करीत होतो, आणि ज्या घराने आमच्या पूर्वजांना या गावाची भाषा शिकवली, त्या घरातील माणूस बाहेर एका परक्या भाषेपुढे अडून उभा होता. ही जाणीव मला स्वस्थ बसू देईना.

आपल्या समाजाचा महाराष्ट्रातील इतिहास वाचकांना ठाऊक आहेच. सैतवाळ, कासार, चतुर्थ, पंचम ही मंडळी इथल्याच मातीतील. परंतु पेढ्यांवर बसणारे आपल्यापैकी बरेच जण कोणी मारवाडातून, कोणी कच्छ-सौराष्ट्रातून, तर कोणी आमच्यासारखे इडरकडून व्यापाराच्या निमित्ताने इकडे आले. सोलापूर, फलटण, बारामती, अकलूज, नातेपुते या पट्ट्यात हुमड घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. येताना त्यांनी सोबत आपली बोली आणली आणि आपली लिपीही आणली. गुजराती लिपीला पूर्वी 'वाणियाशाई', 'शराफी' किंवा 'महाजनी' म्हणत, कारण ती प्रामुख्याने व्यापाऱ्यांच्या हिशेबांची लिपी होती. इकडे मात्र सरकारी दप्तर मोडीत चाले. दुकानाची वही एका लिपीत आणि जमिनीचा कागद दुसऱ्या लिपीत, अशा दोन लिप्यांच्या मध्ये आपल्या वाडवडिलांचा संसार उभा राहिला.

त्यांनी इथली भाषा केवळ गिऱ्हाइकापुरती शिकली नाही. पंधराव्या शतकातील गुणदास, म्हणजेच पुढचे गुणकीर्ती, हे इडरच्या भट्टारक परंपरेशी जोडलेले. परंतु त्यांनी 'श्रेणिकचरित्र' रचले ते मराठीत. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, घरात गुजराती. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात त्यांनी सोलापुरातून 'जैन बोधक' मासिक काढले ते मराठीतून. त्यांचेच पुत्र वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. जहाजे, विमाने, साखर अशा उद्योगांमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. या घराण्याच्या यशाच्या कथा आपण मुलांना सांगतो. पण ज्या गावांनी नवख्या माणसाला शब्द देऊन उभे केले, त्या गावांची कथा सांगायची राहून जाते. ती कथा मला माझ्या आजीकडून, आमच्या 'बा'कडून मिळाली.

बा लग्न होऊन करकंबला आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आजोबा दिवसभर दुकानात असत, सासू देवाघरी गेलेली. समोर शिंप्यांचे घर होते. त्या घरातील काकू, म्हणजे आजच्या शिंपीकाकांच्या आजी, दुपारी ओट्यावर येऊन बसत. काकू भाजीचे नाव मराठीत सांगायच्या, बा ते गुजरातीत सांगायची. अशी दोघींचीही शाळा चाले. बा म्हणायची, "हूं एकली नथी शिखी, एय शिखी." मी एकटी शिकले नाही, तीही शिकली. या वाक्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले.

१९४३ च्या सुमारास आजोबा अकाली गेले. माझे वडील त्या वेळी नऊ वर्षांचे होते. तीन एकर जमिनीवर वारसनोंद व्हायची होती. नात्यातील एका गृहस्थांनी मोडीत लिहिलेला कागद आणला आणि बाला अंगठा उठवायला सांगितले. "नुसती नोंद आहे, काळजी करू नका," असे तिला सांगण्यात आले. तलाठ्यांनी कागद वाचला व विचारले, "बाई, यात काय लिहिले आहे ते तुम्हाला समजले का?" बा गप्प राहिली. तलाठी म्हणाले, समजल्याशिवाय अंगठा घेणार नाही. मग शिंपीणकाकूंना बोलावण्यात आले. तलाठी एकेक वाक्य वाचत गेले आणि काकू ओट्यावर शिकलेल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत ते बाला सांगत गेल्या. तेव्हा उलगडा झाला. त्या कागदाने 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर, म्हणून त्या गृहस्थांचे नाव लागणार होते. बाने अंगठा दिला नाही. पुढे फेरफार झाला तो वडिलांच्या नावाने आणि 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, म्हणून बाच्या नावाने.

त्या तीन एकरांवर वडिलांचे शिक्षण झाले, दुकान पुन्हा उभे राहिले आणि माझे एम.कॉम. झाले. एका तलाठ्याचा एक प्रश्न आणि एका शेजारणीची तुटकी गुजराती नसती, तर मेळाव्यातील त्या वंशावळीची आमची फांदी करकंबात रुजली असती की नाही, कोण जाणे.

असा वारसा लाभलेल्या माणसाने इतरांशी कसे वागायला हवे होते? येथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. १९८७ साली मी सोलापूर शहरातील एका शाखेत अधिकारी होतो. सोलापुरात हातमाग-यंत्रमागावर काम करणारा पद्मशाली समाज मोठा आहे. त्यांचे पूर्वज तेलंगणातून आले आणि त्यांच्या घरी आजही तेलुगू बोलली जाते. त्यांच्यापैकी एक विडीकामगार विधवा पतीच्या बचत खात्यातील रक्कम मागायला आली. रक्कम चार हजारांच्या आतबाहेर. खात्याला नामनिर्देशन नव्हते, कारण ती सोय १९८५ च्या नियमांनी नुकतीच सुरू झाली होती. काउंटरवर गर्दी होती. मी तिला इंग्रजी फॉर्म दिला, दोन जामीनदार आणायला सांगितले आणि "मराठी येणारे कोणीतरी घेऊन या," असे म्हणून पुढच्या माणसाकडे वळलो. ती पुन्हा आली, एकटीच. मी पुन्हा तेच सांगितले, थोडे मोठ्या आवाजात.

तिसऱ्या खेपेस ती बाहेरच्या पायरीवर रडत बसलेली आमच्या शिपायाला दिसली. तो त्याच पेठेतला, तेलुगू जाणणारा. त्याने आत येऊन मला सांगितले, "साहेब, बाईंना वाटतंय पैसे बुडाले. तुम्ही ओरडून तेच सांगितलं, असं त्या समजल्या." मृत्यूचा दाखला पहिल्या दिवसापासून तिच्या पदराच्या गाठीत होता. शिपायाने तिच्याशेजारी बसून फॉर्म भरून घेतला आणि जामीनदार म्हणजे कोण, ते तिच्या भाषेत समजावले. आठवड्यात पैसे मिळाले. परंतु तीन दिवसांची तिची मजुरी माझ्यामुळे बुडाली होती. मी नियम मोडला नव्हता, नियमच सांगत होतो. बाच्या तलाठ्याने विचारला तेवढा एकच प्रश्न मात्र मी विचारला नाही: बाई, समजले का?

सरकारी व बँक व्यवहारांत भाषेसंबंधी आपल्याला काही हक्क आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. म्हणून त्यांचा थोडक्यात उल्लेख करतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यांपुढे मांडता येते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. बँकांविषयी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की खाते उघडण्याचे अर्ज, पैसे भरण्याच्या स्लिपा, पासबुक असे ग्राहकांच्या वापरातील छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्ही भाषांत असावे. धनादेशाचा कागद हिंदी-इंग्रजीत छापलेला असला तरी तो मराठीत लिहिण्याची ग्राहकाला मुभा आहे. माझ्या सबंध नोकरीत मराठीत लिहिलेले चेक मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले, आणि तेही लिहिणाऱ्याने "चालेल ना?" असे भीतभीत विचारून दिलेले.

भाषिक अल्पसंख्याकांसाठीही तरतुदी आहेत. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली अनुच्छेद ३५०क व ३५०ख आले. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आणि अल्पसंख्य भाषिकांसाठी विशेष अधिकारी यांविषयीचे ते अनुच्छेद आहेत. एखाद्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे पंधरा टक्क्यांहून अधिक असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे धोरण आहे. हे योग्यच आहे. पण कायदा समूह मोजतो, टक्के पाहतो. करकंबला आलेली एकटी बा कोणत्याही टक्केवारीत बसत नव्हती. अशा एकट्या माणसासाठी टेबलामागचा अधिकारी आणि समोरचा शेजारी हेच काय ते भाषेचे खाते असते.

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांकडूनही हेच ऐकू येते. माझ्या पुतणीच्या सासूबाई न्यू जर्सीत आजारी पडल्या तेव्हा रुग्णालयाने गुजराती दुभाषा फोनवर दिला, याचे आम्हा सर्वांना केवढे कौतुक वाटले! अमेरिकेत २००० साली अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने केंद्र सरकारच्या सेवा व त्याच्या निधीवर चालणाऱ्या संस्थांना इंग्रजी कमी येणाऱ्यांसाठी भाषेची सोय करणे भाग पडले होते. २०२५ च्या मार्चमध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना तो आदेश मागे घेण्यात आला, तेव्हा आपल्याच मंडळींना काळजी वाटली. आपल्या माणसाला परक्या देशात त्याची भाषा मिळावी, असे आपल्याला वाटते. मग आपल्या दुकानासमोरच्या माणसालाही ती मिळावी, असे वाटायला नको का?

आता पुन्हा शिंपीकाकांकडे वळतो. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाखेत गेलो. मनातून मी थोडा रागावलेलोच होतो. टेबलामागे पंचविशीचा एक तरुण होता. ओडिशाचा, नोकरी लागून सहा महिने झालेले. समोर लांब रांग. मोठ्या आवाजात तो एका आजींना हिंदीत काही सांगत होता आणि आजी नुसती मान हलवत होत्या. त्याचा तो चढलेला आवाज ऐकून माझा राग ओसरला. १९८७ सालचा मीच त्या खुर्चीत बसलेला मला दिसलो.

आमची पाळी आल्यावर मी ओळख दिली आणि काकांचे काम सांगितले. ते अवघ्या वीस मिनिटांचे निघाले. काकांचा पत्ता, नाव, काहीच बदलले नव्हते, तेव्हा स्वयंघोषणा पुरेशी होती. काकांनी मराठीत सही केली. पैसे मोकळे झाले आणि काकूंची शस्त्रक्रिया ठरलेल्या दिवशी पार पडली. निघताना त्या तरुणाने मला थांबवले. म्हणाला, "सर, मला रोज लागतील अशी दहा-बारा वाक्ये मराठीत लिहून द्याल? मी रात्री पाठ करीन." मी वाक्ये लिहून दिली. त्यातले पहिले वाक्य होते, 'आपल्याला समजले का?' घरापासून दूर, परक्या मुलखात, भाषेवाचून अडलेला तोही होता. आपले पणजोबा करकंबच्या पेठेत पहिल्यांदा आले असतील तेव्हा असेच दिसले असतील.

काळाची चाके कशी फिरतात पाहा. ज्यांनी आपल्याला भाषा दिली त्या मराठी माणसालाच आज मोबाइलवरच्या इंग्रजीपुढे परके वाटते आहे. उजनीच्या पाण्यावर आपल्या भागात ऊस वाढला. त्याच्या तोडणीला मराठवाड्यातून टोळ्या येतात, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर हिंदी मुलखातील मजूर दिसतात. हे सगळे लोक आपल्या दुकानांतून किराणा नेतात, आपल्याशी रोज बोलतात. व्यापाऱ्याला चार भाषा येतात, चार कागद वाचता येतात, फॉर्मची सवय असते. ही आपली पुंजी आहे आणि ती वाटल्याने कमी होत नाही.

म्हणून समाजबांधवांपुढे एक साधी सूचना ठेवतो. गावोगावच्या मंदिरांच्या सभागृहांत वा पाठशाळांत आठवड्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराच्या दिवशी, तासभर दोघा-तिघांनी बसावे. ज्याला जो कागद, जो संदेश कळत नसेल, तो त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि समजावून सांगावा. कोणत्याही जातीधर्माचा माणूस येवो. मोबदला घेऊ नये. बँकेतील अनुभवावरून काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. कोणाचा पिन वा ओटीपी विचारू नये, त्याने सांगितला तरी ऐकू नये. दुसऱ्याची सही आपण करू नये, कोऱ्या कागदावर त्याची सही वा अंगठा घेऊ नये. कागद पुरता वाचून दाखवावा, सोयीचा तेवढाच नव्हे. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा. आणि आजाराच्या किंवा मृत्यूच्या बातम्या समजावून सांगण्याचे काम घरातील लहान मुलांवर टाकू नये. ते ओझे त्यांच्या वयाला झेपणारे नसते.

यात आपल्याला नवे असे काही नाही. भगवान महावीरांनी उपदेशासाठी पंडितांची संस्कृत न निवडता सामान्यांना कळणारी अर्धमागधी निवडली. समवसरणात प्रत्येक जीवाला भगवंतांची वाणी आपापल्या भाषेत उमगत असे, असे आपण श्रद्धेने सांगतो. ते अतिशय आपल्याला साधणारे नाही. पण एका माणसाला एक कागद त्याच्या भाषेत समजावून सांगणे तर साधेल.

आणखी एक विनंती. आपल्या घरची गुजराती, मारवाडी किंवा कच्छी जपायलाच हवी. आमच्या घरची गुजराती मराठीत इतकी मिसळली आहे की सुरतेचे पाहुणे हसतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. ती भेसळ नव्हे, एका ओट्यावर दोन बायांनी केलेल्या देवघेवीची ती नोंद आहे.

आयुष्यभर जमा आणि नावे लिहिण्याचे काम केले, म्हणून हिशेबाच्या भाषेतच शेवट करतो. वंशावळीच्या त्या मोठ्या कापडावर आमच्या घराण्याची जमेची बाजू सुंदर अक्षरांत छापलेली आहे. नावेच्या बाजूला एक रक्कम मात्र लिहायची राहून गेली होती. पुढच्या मेळाव्याआधी चुलत भावाला सांगून मी त्या कापडावर आणखी एक नाव लिहून घेणार आहे, आमच्या रक्ताच्या नात्यातले नसलेले. शिंपीणकाकूंचे.